तेरावा रकाना

निबंध तीन हजार शब्दांत बसवायचा होता.
माझा झाला चार हजार दोनशे.
म्हणून थोपट्यांना वगळलं.
आभारात ठेवलं. आभाराचे शब्द मोजत नाहीत.

नियम क्रमांक सात:
माहिती-व्यवस्थापनाचा उपक्रम यशस्वी झालेला असावा
आणि यश आकड्यांत दाखवावं.
आकडे होते आमच्याकडे.
भोसरीच्या कारखान्यातले अकरा हजार चारशे नकाशे,
एकाहत्तर सालापासूनचे,
निळे, अमोनियाच्या वासाचे,
काही कापडावर डकवलेले, घड्यांवर फाटलेले,
एकावर तर चक्क आमटीचा डाग.
सगळे स्कॅन केले, क्रमांक दिले,
बारा रकान्यांचा तक्ता भरला.
आधी एक नकाशा सापडायला चाळीस मिनिटं लागायची.
आता चार सेकंद.
(गुरुवार सोडून. गुरुवारी वीज नसते.)

सेनापती बापट रस्त्यावरचं सभागृह.
पंधरा मिनिटं, मग घंटा, मग पाच मिनिटं प्रश्न.
माझ्याआधी एका बँकेनं तक्रारींचं वर्गीकरण मांडलं,
एका इस्पितळानं एक्स-रे.
इस्पितळवाल्या मुलीच्या घशाला कोरड पडली,
तिला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.
मग माझी पाळी, आणि पाणी तिच्याकडेच राहिलं.

चाळीस आणि चार यांच्यामध्ये
पॉइंटरचा लाल ठिपका थरथरत होता.

परीक्षकांत एक कापशीकर बाई होत्या.
चष्मा कपाळावर चढवून म्हणाल्या,
"एकोणचाळीस मिनिटं छप्पन सेकंद वाचली, छान.
तेवढ्या वेळात शोधणारा माणूस करायचा काय?"
लोक हसले. मीही हसले.

काय करायचा?
शिडीवर चढायचा.
वरच्या फळीवरून विचारायचा, कुठल्या मशीनला हवाय?
चालवतंय कोण? नवा पोरगा का?
मग खाली उतरून, हात शर्टाला पुसून,
नकाशा उलगडायचा
आणि कडेला बोट ठेवायचा.
तिथं पेन्सिलीत, बारीक:
भोक खोटं. दोन सूत डावीकडे. ब. थो., ८३.

नकाशात भोक जिथल्या तिथं होतं.
माल मात्र गेली कित्येक वर्षं
दोन सूत डावीकडे जात होता,
आणि म्हणून परत येत नव्हता.

पेन्सिल स्कॅनमध्ये उमटत नाही.
उजेड वाढवला की कागद गोरा होतो
आणि थोपटे जातात.
म्हणून तेरावा रकाना केला होता मी, शेरा.
दोन महिने, रोज दुपारी जेवण झाल्यावर
ते भिंग धरून वाचायचे, मी टाइप करायचे.
स्वतःचंच अक्षर कधी त्यांना लागायचं नाही,
तेव्हा भिंग बाजूला ठेवून
बराच वेळ छताकडे बघत बसायचे.
त्या दोन महिन्यांचे
बरोबर बाराशे शब्द होत होते.

"बाई, ते परिशिष्टात आहे," मी म्हटलं.
परिशिष्ट नव्हतं.
घंटा झाली.

दुसरा क्रमांक आला.
साहेबांनी पेढे वाटले, मोजून.

रविवारी प्रमाणपत्र घेऊन दिघीला गेले,
थोपट्यांच्या घरी.
त्यांनी ते खिडकीशी नेलं, आडवं धरलं,
जाडी अंगठ्यानं तपासली.
मग विचारलं, "आडनाव तुमचंच का हे?"
मी तोवर वाचलंच नव्हतं.
केंजाळे, असं छापलं होतं.
माहितीच्या व्यवस्थापनाबद्दल.

रिटायर होऊन तीन वर्षं झाली,
पण पेन्सिल कानामागेच होती.
त्यांनी कागद गुडघ्यावर घेतला
आणि कडेला लिहिलं:
ज-पुढचा काना खोटा. ब. थो.
तारीख घातली.
मी परिशिष्टाचं सांगणार होते.
त्यांच्या सुनेनं चहा आणला, ते राहिलं.

सोमवारी ऑफिसनं प्रमाणपत्र स्कॅन करून मागितलं.
दिलं करून.
क्रमांक पडला, चार सेकंदांत सापडतं.
त्यात मी केंजाळेच आहे.